जिम नसली तरी मांड्यांना काम हवंच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत व्यायामावर लेख आला होता. त्यावर एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. जिमला जायला वेळ नाही, पैसे नाहीत, तिथल्या यंत्रांकडे बघूनच धडकी भरते, तेव्हा फिट राहणं आपल्यासारख्यांच्या नशिबात नाही, असा त्या पत्राचा सूर होता. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबलं तर कात्री जरूर लावा, पण खुर्चीचा भाग तेवढा ठेवा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरीच वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात काढली, आता स्वतःचा छोटा दवाखाना चालवते. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक पन्नाशीच्या पुढची. कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाची कंबर धरते, कुणी बाथरूममध्ये पाय घसरून पडलेलं असतं. कुणालाही तपासण्याआधी मी एक गोष्ट बघते. नाव पुकारल्यावर बाहेरच्या खुर्चीतून उठताना त्यांचे हात कुठे जातात? काहींचे कुठेच जात नाहीत, ती सरळ उठतात. काही जण दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून उठतात. काही जण आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकतात, खुर्चीचे हात घट्ट धरतात, एकदा मागेपुढे झोका घेतात आणि मग उठतात. उठल्यावर पहिलं पाऊल टाकायच्या आधी क्षणभर तिथेच उभी राहतात. त्यांच्या मांड्यांत किती जोर उरला आहे हे मला तिथेच कळतं. एक्स-रेत ते दिसत नाही.

आत आल्यावर मी विचारते, व्यायाम काय करता? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "जिम वगैरे काही जमत नाही हो, पण रोज चालायला जातो."

चालतात हे उत्तमच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जिमला जात नाहीत याबद्दल तर मुळीच नाही. काळजी वाटते ती मधल्या एका गोष्टीची. जिम नाही म्हणजे ताकदीचा व्यायाम नाही, असा हिशेब लोकांनी मनाशी करून टाकला आहे. हृदयासाठी चालायचं, स्नायूंसाठी जिम, आणि जिम जमत नाही म्हणून स्नायू वाऱ्यावर. हा हिशेब चुकीचा आहे.

हृदयाच्या बाबतीत जिमची गरज नाही हे तर फार पूर्वीच दिसून आलं होतं. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघंही एकाच गाडीवर, एकाच वेळापत्रकात. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला, आणि झाला त्यांनाही तो उशिरा आणि सौम्य. टपाल खात्यातही तसंच दिसलं. फिरून पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलापाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. मॉरिस मोठे सचोटीचे संशोधक. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढून दाखवलं की ड्रायव्हरांच्या कंबरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त होता, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही. पण हालचाल करणाऱ्यांचं हृदय जास्त टिकतं, हा मूळ मुद्दा नंतरच्या कितीतरी अभ्यासांतून पक्का होत गेला. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगतात. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम. जोरकस म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं. घड्याळ, पट्टा, ॲप काही नको, स्वतःच्या बोलण्यावरून समजतं. आधीच्या, २०१० च्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. म्हणजे लिफ्ट सोडून चढलेला दोन मिनिटांचा जिनाही आता हिशेबात धरला जातो. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी सवलत आहे आणि ती अजून लोकांपर्यंत पोचलेलीच नाही. उलट दहा हजार पावलांचा आकडा घरोघरी पोचला आहे. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नाही. सात हजार झाली म्हणून खंतावणारी माणसं मी बघते, तेव्हा वाईट वाटतं.

त्याच सूचनांमध्ये पुढे आणखी एक ओळ आहे आणि माझा सगळा जीव त्या ओळीत आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीच्या पुढे तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम तीन दिवस. जिमचं नाव त्यात कुठेही नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, तर स्नायू तिशीनंतर हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना त्यांच्या ताकदीचा लहानसा भागच वापरावा लागतो. म्हणून माणूस वर्षानुवर्षं चालत राहतो, दम उत्तम असतो आणि मांड्या मात्र आतून रिकाम्या होत जातात. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, साठीच्या पुढचे, चालण्यात तरुणांना मागे टाकणारे. नातवाबरोबर खेळायला जमिनीवर बसले आणि उठता येईना. दुखत काहीच नव्हतं. उठायला लागणारी ताकदच नव्हती. ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता, कारण त्यांनी स्वतःला धडधाकट मानलं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नव्हतं. चालण्यापलीकडे काही करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता या वयात काय होणार, असं मला रोज कुणी ना कुणी म्हणतं. त्यांना मी १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगते. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या काही माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. माणसं थोडीच होती, पण व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! उलट काहीच न केल्यानं काय होतं, तेही ऐका. १९६६ मध्ये डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की दमाची क्षमता तीस वर्षांच्या वयानं जेवढी घटली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं घटली होती. म्हणून आजारपणानंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही महिनाभर पडून राहणाऱ्यांना मी जवळजवळ हात धरून उठवते.

नव्वदीतल्या त्या लोकांनी वजनं उचलली होती हे खरं. पण ओझं लोखंडाचं आहे की स्वतःच्या अंगाचं, हे मांडीच्या स्नायूला कळत नाही. त्याला कळतो तो ताण. ओझं हलकं असलं तरी स्नायू थकेपर्यंत काम केलं, तर ताकद वाढते. म्हणून मी आकडे कमी सांगते आणि एकच खूण सांगते: शेवटच्या दोन वेळा कठीण गेल्या पाहिजेत. हसत-बोलत वीस वेळा होत असेल तर व्यायाम बदलायची वेळ झाली.

सुरुवात खुर्चीपासून करावी. साधी, हात नसलेली, भक्कम, गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची नको, प्लास्टिकची हलकी नको. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर आडवे. आता कंबरेतून पुढे झुका, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या वर येईल. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. ते ताठ बसूनच वर यायला बघतात आणि मग गुडघ्यावर सगळा भार येतो. झुकलात की भार आपोआप पावलांवर जातो. श्वास सोडत उठा, पूर्ण सरळ उभे राहा, आणि मनात चार अंक मोजत खाली बसा. हे सावकाश बसणंच खरा व्यायाम आहे. धप्पकन बसलात तर अर्धी कमाई गेली. खाली येताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि ताकद वाढवायला त्याचा फार उपयोग होतो.

गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर एक-दोन उशा ठेवून बैठक उंच करा. दुखल्याशिवाय जिथून उठता येतं, ती तुमची उंची. काही आठवड्यांनी एक उशी काढा. खुर्ची सोपी झाली की बुटका स्टूल घ्या. तोही सोपा झाला की एक पाऊल थोडं पुढे ठेवा, म्हणजे मागच्या पायाला जास्त काम पडेल. त्यापुढे पुस्तकांनी भरलेली पिशवी छातीशी धरा. तरुण, धडधाकट वाचकांना हे पोरकट वाटत असेल, तर त्यांनी एका पायावर, हाताचा आधार न घेता, त्याच खुर्चीतून सावकाश उठून-बसून बघावं आणि मग मला कळवावं.

आपण कुठे आहोत हे बघायचं असेल तर हीच खुर्ची चाचणी म्हणूनही वापरतात. हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या कोष्टकानुसार ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना १४ पेक्षा आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी जमत असेल, तर ते सरासरीच्या खाली. ७० ते ७४ या वयात हेच आकडे १२ आणि १० आहेत. कमी आला म्हणून घाबरू नये. महिन्यानं पुन्हा मोजावं.

हातांसाठी भिंत आहे. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे खांद्यांच्या उंचीवर टेकवायचे, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायचं. जमलं की स्वयंपाकघराचा ओटा, मग भक्कम टेबल, मग जिन्याची पायरी, आणि शेवटी जमिनीवरचे जोर. हात जितके खाली जातील तितका अंगाचा जास्त भार त्यांच्यावर येतो. वजन वाढवायची यंत्रातली खिट्टी ती हीच.

ओढण्याचा व्यायाम घरी थोडा अवघड, हे मान्य. त्याला माझा उपाय पाण्याच्या बाटल्यांचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा. मजबूत बंदांच्या पिशवीत बाटल्या भरायच्या, एक हात टेबलावर टेकून पाठ सरळ ठेवत वाकायचं आणि दुसऱ्या हातानं पिशवी कंबरेपर्यंत ओढायची, कोपर अंगालगत ठेवून. पाठीचा वरचा भाग आणि हाताची पकड दोन्ही सुधारतात. दिवसभर पोक काढून संगणकापुढे बसणाऱ्यांनी बाकी काही केलं नाही तरी हे करावं.

पोटऱ्यांसाठी कठडा धरून चवड्यांवर उभं राहणं आणि सावकाश टाचा टेकणं. कुल्ल्यांसाठी उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. एवढं पुरे.

तोलाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. २०२२ साली ब्राझीलच्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका पायावर दहा सेकंद उभं राहू न शकणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त निघालं. एका पायावर उभं राहिल्यानं आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. तोल म्हणजे नजर, आतला कान, पाऊल, स्नायू, मेंदू या सगळ्यांची एकत्र चाचणी असते, म्हणून ती इतकं सांगून जाते. दात घासताना, ओट्याच्या कडेला एक हात ठेवून, एका पायावर उभं राहावं. मग हात सोडावा, पण ओटा जवळच असू द्यावा.

आणि जमिनीवरून उठायला प्रत्येकानं शिकावं, पडायच्या आधी. कुशीवर वळायचं, कोपर आणि मग तळवा टेकून चार पायांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगत जायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचे, ताकदीचा पाय पुढे आणून पाऊल टेकवायचं, ढकलून उठायचं आणि वळून त्याच खुर्चीत बसायचं. लगेच चालू लागायचं नाही. मी वर उल्लेख केलेले गृहस्थ उशा ठेवलेल्या खुर्चीपासून सुरुवात करून काही महिन्यांत एका हाताच्या आधारानं जमिनीवरून उठू लागले. त्यांच्या घरात व्यायामाचं एकही उपकरण नाही.

जिमला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ज्यांना तिथे रमतं, चांगला शिकवणारा मिळतो, त्यांनी अवश्य जावं. खूप वजन उचलायची हौस असेल तर घर अपुरंच पडेल. पण ज्यांना जाता येत नाही त्यांनी स्वतःला कमनशिबी समजू नये, एवढंच माझं त्या पत्रलेखकांना कळकळीचं सांगणं आहे. लागतं ते सगळं त्यांच्याकडे आहे: खुर्ची, भिंत, जिना, पिशवी आणि स्वतःचं वजन. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत, मध्ये एक तरी दिवस विश्रांतीचा ठेवावा, आणि चालणं चालू ठेवावं.

काळजीचंही सांगते. ताकद लावताना श्वास रोखू नये, रक्तदाब एकदम चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, जिना उतरताना ठणकणं स्वाभाविक आहे, ते आपोआप जातं. पण सांध्यात कळ येणं, सूज येणं, पायात मुंग्या येणं हे स्वाभाविक नाही, तिथे थांबावं. छातीत दडपण, चक्कर, थोड्या श्रमानं धाप, ताब्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटी आपल्याला एक विनंती. पुरवणीत दर आठवड्याला एकच व्यायाम, मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह द्यावा. चित्रातली माणसं साठी-सत्तरीची, घरच्या कपड्यातली असावीत. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन आणि छापण्याआधी चित्रं तपासून देईन. पहिला व्यायाम खुर्चीचा ठेवावा, आणि त्या चित्रात खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली स्पष्ट दिसावी. मोकळी ठेवलेली खुर्ची बसताना मागे सरकते, आणि तशा पडलेल्यांची हाडं मी जुळताना पाहिली आहेत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट